आधी काय, मग काय? — वलंदेजांच्या गावी

हॉलंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय काय उभं राहतं! ट्यूलिपची रंगीत शेतं, पवनचक्क्या, लाकडी जोडे आणि चीजचे पिवळेधमक गोळे. कॅलेंडरांवर पाहून पाहून ही चित्रं आपल्याला पाठ झाली आहेत. पण मैत्रिणींनो, आज या देशात मी तुम्हांला नेणार आहे ती एका शब्दाचं बोट धरून. शब्द अगदी चिमुकला आहे – ‘एर्स्त’. यातला ‘ए’ थोडा लांबवायचा, ‘र’ ओझरता म्हणायचा आणि शेवटचा ‘त’ आपल्या ‘मस्त’मधला. अर्थ अगदी साधा – आधी.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दात असं काय आहे? सांगते. ‘आधी’ आणि ‘मग’ हे आपल्याही तोंडात दिवसभर असतातच. ‘आधी हात धू, मग ताटावर बस’, ‘आधी दूध बघा उतू जातंय ते, मग वाचा तुमचं वर्तमानपत्र’. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही तर आपली म्हणच! पण आपला क्रम लवचिक असतो. पाहुणे दारात आले की सगळं बाजूला पडतं आणि चहाचं आधण चढतं. तिकडे एकदा ठरलेला क्रम सहसा मोडत नाहीत, पाहुण्यांसाठी तर नाहीच नाही. हे ठाऊक नसलं की पहिल्याच आठवड्यात आपलं मन दुखावतं. ठाऊक असलं, की तोच शब्द आपल्याला त्यांच्या घरात घेऊन जातो.

आणि हे आपल्याला आता जवळचं झालं आहे बरं का. आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या लेकी-सुना आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टलव्हेनला, आइंडहोव्हनला, हेगला संसार मांडून बसल्या आहेत. बाळंतपणाला, नातवंडांना बघायला आईची नाहीतर सासूबाईंची फेरी होते. पाहुणा म्हणून जो व्हिसा मिळतो, त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तेवढ्या दिवसांत डच भाषा काही येणार नाही. पण एक शब्द आणि त्याची दोन भावंडं निश्चित येतील.

तळ्याच्या तळाशी

तुमचं विमान स्किफोलच्या विमानतळावर उतरतं, तेव्हा तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ३ मीटर खाली असता! घाबरू नका, पाय अगदी कोरडे राहतात. पूर्वी इथे हार्लेमरमेर नावाचं अफाट तळं होतं. वादळ झालं की त्याच्या लाटा काठची जमीन गिळत सुटायच्या. १८३६ साली तर दोन वादळांत त्याचं पाणी एकदा आम्स्टरडॅमच्या आणि एकदा लायडनच्या वेशीपर्यंत येऊन ठेपलं. तेव्हा हे तळंच उपसून टाकायचं ठरलं.

पण उपसायचं कसं? नुसते पंप लावून भागत नाही, उपसलेलं पाणी पुन्हा आत येईल. म्हणून १८४० साली काम निघालं ते तळ्याभोवती कालवा खणण्याचं आणि बांध घालण्याचं. सुमारे ६० किलोमीटरचा हा वेढा पुरा झाल्यावर वाफेवर चालणारी तीन प्रचंड पंपघरं सुरू झाली आणि १८५२ साली तळं कोरडं पडलं. शेतकरी आले ते त्याच्याही नंतर. यांतलं क्रूकियस नावाचं पंपघर आता संग्रहालय झालं आहे.

आता ही हकिकत त्यांच्या भाषेत तीन तुकड्यांत सांगता येते – ‘एर्स्त दे दैक, दान दे पोंप, दारना दे बूर’. म्हणजे आधी बांध, मग पंप, त्यानंतर शेतकरी. ‘दान’ हा उच्चार आपल्या दानधर्मातल्या दानासारखाच, फक्त ‘आ’ आखूड. अर्थ – मग. आणि ‘दारना’ म्हणजे त्यानंतर. नाशिककडच्या वाचकांना तर तो लक्षात ठेवायला काहीच कष्ट नाहीत, त्यांची दारणा नदी आहेच!

विसाव्या शतकात या लोकांनी हाच धडा मोठ्या पाटीवर गिरवला. १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून एक आख्खी खाडी त्यांनी समुद्रापासून तोडली आणि मग तिच्यातला एकेक भाग बांधून घेऊन कोरडा केला. पूर्व फ्लेव्होलँडचं पाणी १९५७ साली हटलं, दक्षिण फ्लेव्होलँडचं १९६८ साली. पाणी हटल्याबरोबर तिथे घरं बांधली असतील असं वाटतं ना? छे! तो नुसता चिखल होता. आधी विमानातून पाणगवताचं बी पेरलं. त्या गवताने चिखलातलं पाणी शोषलं, मुळांनी माती मोकळी झाली. मग सरकारने काही वर्षं स्वतः तिथे मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक घेतलं, त्यानंतर जमीन शेतकऱ्यांच्या हाती दिली. तिथल्या आल्मेर गावात पहिले रहिवासी आले ते १९७६ साली. आज ते मोठं शहर आहे आणि तिथेही आपल्याकडची कुटुंबं राहतात.

पायरी चुकली तर जिथे पाणी घरात शिरतं, तिथल्या लोकांना ‘आधी काय’ हे विचारायची सवय लागली तर नवल ते काय, असं ही सपाट हिरवी जमीन पाहताना वाटून जातं.

दारात उभं राहून

स्किफोलच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. गाडी येते, दार उघडतं आणि फलाटावरची माणसं दाराच्या दोन्ही अंगांना सरकून उभी राहतात. ‘एर्स्त आउतस्तापन, दान इनस्तापन’ – आधी उतरणं, मग चढणं. दादरला लोकलमध्ये चढलेल्या बाईला हे दृश्य पाहून हसू येईल आणि थोडा हेवाही वाटेल. एखादा घाईने आत घुसलाच, तर तिथली आजीबाईही त्याला हे वाक्य ठणकावून सुनावते.

रांगेचंही तेच. या देशात एक जुनी म्हण आहे – ‘वी हेत एर्स्त कोम्त, हेत एर्स्त माल्त’. जो आधी येईल, तो आधी दळेल! ही म्हण पवनचक्कीवरची. धान्याची पोती घेऊन शेतकरी चक्कीवर यायचे. त्यात लहान-मोठा बघायचा नाही, ज्याचं पोतं आधी आलं त्याचं पीठ आधी. वाचल्यावर तुम्हांला आपली पिठाची गिरणी आठवली असेल. आपण तिथे डब्यांची रांग लावतो, डबा ठेवून भाजी घेऊन येतो आणि आपला नंबर डबा राखतो. मधेच कुणी ‘माझं थोडंसंच आहे हो’ म्हणत डबा पुढे सरकवला, तर काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे! तिकडे बेकरीत गर्दी असली की बायका मनातल्या मनात नोंद ठेवतात आणि दुकानदाराने चुकून आपल्याला आधी विचारलं, तर शेजारणीकडे हात करून म्हणतात, ‘यू वास एर्स्त’ – तुम्ही आधी होतात. ही तीन अक्षरं योग्य वेळी उच्चारा, परकेपणा निम्मा गळून पडतो.

‘खा’ म्हणजे जा!

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, फोडणी करपायच्या आत संपेल.

आपण म्हणतो, ‘आधी मी कॉफी पिते, मग बाजारात जाते.’ डच बाई म्हणते, ‘एर्स्त द्रिंक इक कोफी, दान खा इक नार दे मार्क्त.’ ‘इक’ म्हणजे मी आणि ‘द्रिंक’ म्हणजे पिते. ‘खा’ म्हणजे मात्र जाते! त्यांच्या ‘ग’चा उच्चार घशातून ‘ख’सारखा होतो, म्हणून ही गंमत. आपण ज्याला गौडा चीज म्हणतो, त्याच्या गावाचं नावही तिकडे ‘खाउदा’ असंच ऐकू येतं.

पण खरी मेख आहे ती शब्दांच्या क्रमात. वाक्याच्या तोंडाशी ‘एर्स्त’ आला की त्याच्या पाठोपाठ क्रियापद यायलाच हवं, ‘मी’ त्याच्या मागे. ‘आधी पिते मी कॉफी, मग जाते मी बाजारात.’ मराठीत हे थोडं लाडिक वाटतं, पण तिकडे तोच नियम आहे. ‘एर्स्त इक द्रिंक’ म्हटलं की नवखी बाई लगेच ओळखू येते. समजतं सगळ्यांना, रागावत कुणी नाही, पण कानाला खटकतं. तुम्हांला ही उलटापालट जमत नसेल तर सोपी वाट आहे. सुरुवात ‘मी’ने करा आणि ‘एर्स्त’ मधे घाला – ‘इक द्रिंक एर्स्त कोफी’. हेही अगदी शुद्ध.

दुसरी मेख ‘दान’ची. तो रोजच्या किंवा पुढे व्हायच्या गोष्टींना चालतो. होऊन गेलेली हकिकत सांगताना ‘मग’साठी ‘तून’ म्हणतात. आधी बेकरीत गेले, ‘तून’ बाजारात गेले. गोंधळ होत असेल तर सरळ आपली ‘दारना’ वापरा. ती कालच्यालाही चालते आणि उद्यालाही.

तिसरी गोष्ट – ‘एर्स्त’च्या पुढे ‘एव्हन’ जोडला की बोलण्यातला कडकपणा जातो. एव्हन म्हणजे जरा. ‘एर्स्त एव्हन हांदन वासन’ – आधी जरा हात धुऊन घे. आपणही ‘जरा’ लावला की हुकमाची विनंती होते, तसंच.

आणि ‘एर्स्त’चा आणखी एक अर्थ आहे, ‘पूर्वी’. ‘एर्स्त वोन्दन वे इन पुणे, न्यू इन आम्स्टलव्हेन’ – आधी आम्ही पुण्याला राहायचो, आता आम्स्टलव्हेनला. तुमच्या लेकीला हे वाक्य शाळेच्या दारात, बागेत, शेजारणीकडे नेहमी सांगावं लागतं. एवढ्या मोठ्या स्थलांतराची कथा दोन शब्दांच्या टेकूवर उभी असते – ‘एर्स्त’ आणि ‘न्यू’.

पावाचा पहिला तुकडा

डच घरात दुपारचं जेवण म्हणजे पाव, लोणी आणि वर काहीतरी. मुलांना चॉकलेटचे बारीक दाणे पावावर पसरून खायला फार आवडतात. ‘हाखलस्लाख’ म्हणतात त्यांना. पण पुष्कळ घरांत नियम असतो – ‘एर्स्त हार्तख, दान झूत’. आधी चीजचा नाहीतर तसाच खारा पाव, मग गोड. संध्याकाळी सहाच्या सुमारास गरम जेवण, तेव्हाही आईचा धाक तोच – ‘एर्स्त ये बोर्त लेख, दान पास अन तूत्ये’. आधी ताट रिकामं कर, मगच गोड मिळेल. ‘दान पास’ म्हणजे ‘मगच’. बघा, आई कुठलीही असो, ताटावरचं बोलणं एकच!

जाता जाता सांगते, तिथे ‘कार्नमेल्क’ नावाने ताक मिळतं, ते कढीला छान चालतं. आणि इथून तूप, खवा, पेढे नेण्याच्या भानगडीत पडू नका. युरोपात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ सामानात नेायला बंदी आहे, ते विमानतळावर काढून घेतात. तिथे बिनमिठाचं लोणी उत्तम मिळतं. ते आणून तिथेच कढवा, घरभर आपला वास दरवळेल.

वाढदिवसाची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. कुणाचा वाढदिवस कधी, याचं कॅलेंडर पुष्कळ घरांत संडासात टांगलेलं असतं, म्हणजे रोज नजरेखालून जातं! वाढदिवसाला गेलात की ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करायचं आणि त्याच्या आईचं, बायकोचं, भावंडांचंही. मग खुर्च्या गोल मांडलेल्या असतात तिथे बसायचं. आधी कॉफी आणि केकचा एक तुकडा, नंतर पेय आणि चीजचे चौकोन. दुसरा तुकडा ‘घ्या हो, घ्या’ म्हणून कुणी पानात टाकत नाही. हवा असेल तर सरळ मागावा. आग्रह नाही म्हणजे प्रेम नाही, असा अर्थ मात्र काढू नका.

आणि कुणाकडेही जायचं तर ‘एर्स्त बेलन’, आधी फोन. शेजारीण समोरच राहते, दिवा दिसतोय, म्हणून वाटीभर खीर घेऊन सरळ दार वाजवलं, तर ती दारातच थांबवून गोड बोलेल आणि आत बोलावणार नाही. आधी दिवस आणि वेळ ठरवा, मग तीच शेजारीण कॉफी तयार ठेवून, टेबलावर फुलं मांडून तुमची वाट पाहत असेल.

शुक्रवारचा चीजबाजार

या लोकांचा ‘आधी-मग’ डोळ्यांनी बघायचा असेल, तर आम्स्टरडॅमहून उत्तरेला आल्कमारला जा. आगगाडीने पाऊण तासही लागत नाही. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत शुक्रवारी सकाळी इथल्या चौकात चीजचा बाजार मांडतात. चीज वाहणाऱ्या हमालांचा इथला संघ १५९३ सालापासूनचा. पांढरे कपडे, रंगीत फितीची गवती टोपी, आणि फितीच्या रंगावरून चार तुकड्या – लाल, हिरवी, निळी, पिवळी.

फरसबंद चौकात चीजच्या चक्क्यांच्या ओळी लागलेल्या असतात. गिऱ्हाईक येतो, आधी चीजवर टकटक करून बघतो – आपण कलिंगडाला टिचकी मारतो ना, तसं. मग पोकळ सुरी आत खुपसून कांडीसारखा तुकडा काढतो, वास घेतो, बोटांनी चुरडतो, जिभेवर ठेवतो. त्यानंतर भाव. भावही नुसता तोंडाने नाही, एकमेकांच्या हातावर टाळ्या देत आकडे म्हणायचे. शेवटची टाळी पडली की सौदा पक्का. त्याच्यानंतर हमाल पुढे येतात. दोघं मिळून झोळीसारख्या लाकडी चौकटीवर आठ चक्क्या घेतात. एकेक चक्की १३ किलोच्या आसपास, म्हणजे ओझं शंभर किलोच्या वर! ते घेऊन एका ठेक्यात, लुटुलुटु पळत वजनघरात जातात. हमाल उशिरा आला तर त्याचं नाव वजनघरातल्या फळ्यावर लिहितात.

आता खरा व्यापार वेगळ्या रीतीने होतो, हा बाजार मांडतात तो रीत जपण्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. तरी तो पाहताना त्यांची ती लाडकी म्हण डोळ्यांपुढे उभी राहते – ‘एर्स्त झीन, दान खलोव्हन’. आधी पाहू, मग विश्वास ठेवू. हे वलंदेज पूर्वीपासून पक्के व्यापारी. डचांना आपल्या जुन्या कागदपत्रांत वलंदेज म्हणत, आणि सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यातही त्यांची वखार होती. तिचे अवशेष कोकणात फिरताना तुम्ही पाहिलेही असतील.

बाळंतपणाला जाताना

आता सगळ्यांत नाजूक विषय. लेकीचं बाळंतपण! बाळंतविडा, डिंक, हळीव, खसखस सगळं बांधून तुम्ही निघता. तिथे पोचल्यावर कळतं की नऊ महिने पोरीला स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासलेलंच नाही, सुईणीने तपासलंय! छातीत धस्स होतं. पण ही सुईण म्हणजे रीतसर शिकून पदवी घेतलेली बाई असते. तिकडचा क्रमच असा – आधी सुईण, काही गुंतागुंत दिसली तरच मोठं इस्पितळ आणि तज्ज्ञ डॉक्टर. सगळं ठीक असेल तर घरीही बाळंतपण होऊ शकतं.

एरवीच्या आजारपणातही असंच. आधी ‘हाउसआर्त्स’, म्हणजे वस्तीतला आपला ठरलेला डॉक्टर. त्याने चिठ्ठी दिली तर तज्ज्ञाकडे. तो पुष्कळदा म्हणतो, आधी थोडे दिवस वाट पाहू. आपल्याला वाटतं, हा औषधच देत नाही! अशा वेळी त्रास नेमका कधीपासून आणि किती, हे न लाजता स्पष्ट सांगावं. आणि प्राणावर बेतण्यासारखं काही असेल, तर मात्र हा क्रम नाही. तेव्हा थेट ११२ क्रमांक फिरवायचा. हा आकडा स्वयंपाकघरात लिहून चिकटवून ठेवा.

बाळ झालं, की दुसरा धक्का. बाळंतिणीची काळजी घ्यायला एक बाई घरी हजर होते. या सेवेला ‘क्रामझोर्ख’ म्हणतात. क्राम म्हणजे बाळंतपण, झोर्ख म्हणजे काळजी. साधारण आठ दिवस ती रोज काही तास येते. बाळाचं वजन, ताप, अंगावर पाजणं, आईचे टाके, तिची झोप, सगळं टिपून ठेवते. ती यायच्या आत पलंग लाकडी ठोकळ्यांवर चढवून उंच करावा लागतो, म्हणजे वाकून वाकून तिची कंबर धरत नाही. आई म्हणून तुम्ही सातासमुद्रांपलीकडून आलात, आणि बाळाच्या आंघोळीची वेळ ही परकी बाई ठरवणार? मन खट्टू होतं, ते साहजिक आहे.

इथेच तो शब्द कामाला येतो. ती बाई येता-जाता काय म्हणते ते कान देऊन ऐका. ‘एर्स्त दे मूदर’ – आधी आई. भेटायला माणसं आली की ती दारातच घड्याळ दाखवते, आधी हिची झोप, मग तुमचं कौतुक. घर आवरायचं राहिलं असेल तर राहू दे, आधी हिचं जेवण. आपल्याकडे बाळंतिणीला पाहायला सकाळपासून रीघ लागते आणि बिचारी अवघडून बसलेली असते. तिला ‘आधी तू नीज’ म्हणणारं कुणी घरात असलं, तर आईला आणखी काय हवं? तुमचं आणि त्या बाईचं म्हणणं एकच आहे, भाषा तेवढी दोन. तेव्हा आल्या दिवशीच तिच्याशी कामं वाटून घ्या. मालिश करायची असेल, शेक द्यायचा असेल, तर आधी तिला सांगा. डिंकाचा लाडू तिच्याही हातावर ठेवा. धुरीचा हट्ट मात्र सोडा. तिथे प्रत्येक मजल्यावर धुराची सूचना देणारी घंटा असणं सक्तीचं आहे, ती केकाटायला लागली की बाळ दचकून उठेल!

आणि हो, बाळ झाल्याचं तोंड गोड कशाने करतात ठाऊक आहे? कुरकुरीत टोस्टावर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या दाण्यांची पखरण. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे दाणे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. बाळंतिणीला बडीशेप चांगली, हे त्यांनाही पटलेलं दिसतं!

एवढं पाठ करा

हा भाग कापून पर्समध्ये ठेवलात तरी चालेल.

यू वास एर्स्त – तुम्ही आधी होतात. (रांगेत)
एर्स्त एव्हन बेलन – आधी जरा फोन करू.
एर्स्त कोफी, दान बोत्स्खापन – आधी कॉफी, मग वाणसामान.
वाख्त एव्हन, एर्स्त दित – थांब जरा, आधी हे.
एर्स्त मैन दोख्तर, दान हेत बझूक – आधी माझी लेक, मग पाहुणे.

मघाशी सांगितलेला नियम आठवतोय ना? आधी ‘एर्स्त’, मग काम, आणि त्याच्यानंतर ‘मी’. म्हणजे त्या वाक्यात आपला नंबर तिसरा लागतो. सगळ्यांची ताटं झाल्यावर पातेल्यातलं उरलेलं वाढून घेणाऱ्या आपल्यासारखीला तिसरा नंबर काही वाईट नाही! एखाद्या दिवशी ‘एर्स्त एत इक’, आधी जेवते मी, हेही म्हणून बघायला हरकत नाही. कुणाला कळणारही नाही.

पण या शब्दाची खरी गरज पुढेच लागते. तिथली मुलं बहुतेक चौथ्या वाढदिवसाला शाळेत जायला लागतात आणि वर्षभरात त्यांचं डच असं धावू लागतं, की मराठी मागे पडते. आजी पडद्यावर दिसते, पण बोलायचं काय ते दोघांनाही सुचत नाही. ‘जेवलास का?’ – ‘हो.’ ‘शाळा आवडते का?’ – ‘हो.’ संपलं. पुढच्या रविवारी फोन लागला आणि नातू ताटातली भाजी चिवडत बसलेला दिसला, की डोळे मोठे करून म्हणा, ‘एर्स्त ये बोर्त लेख, दान पास अन तूत्ये!’ तुमचा उच्चार तो लगेच दुरुस्त करील. करू दे. मग तुम्ही त्याला म्हणायला लावा, ‘आधी ताट रिकामं, मगच गोड.’ त्याचा ‘ळ’ आणि तुमचा ‘ख’, दोन्ही हळूहळू सुधारतील.